झेंटाची ग्वाही

झेंटा काल्वे पहिल्यांदा आमच्या कचेरीत आली तेव्हा दारावरच्या म्हाताऱ्या बर्टने तिला मागच्या बाजूला बोट दाखवलं. "साफसफाईच्या कामाचं तिकडे विचारायचं, बाई." ती जागची हलली नाही. अंगात दवाखान्यातल्या झाडूवाल्या बायकांचा निळा झगा होता आणि हात सोड्याने सोलवटले होते.

"मी इंजिनिअर," ती म्हणाली. अंधारात पायऱ्या चाचपत उतरावं तसा एकेक शब्द पुढे टाकत होती. "पूल बांधते. रीगा शहरात. हे इथे कोणाला सांगायचं?"

बर्टने माझ्याकडे पाहिलं. मी लॉन्सेस्टनच्या नगरपालिकेत टायपिस्ट होते, जेमतेम विशीतली. आमचे मुख्य इंजिनिअर लेस्ली ड्यूअर हेच इंजिनिअरांच्या संस्थेच्या आमच्याकडच्या शाखेचे अध्यक्ष, त्यामुळे संस्थेचं टपाल आणि सभांची टिपणं आपसूक माझ्या गळ्यात आलेली. तेव्हा सांगायचं ते मलाच, असं बर्टच्या नजरेनं ठरवून टाकलं. मी तिला खुर्ची दिली.

तिची हकीकत तिने मला तुकड्यातुकड्यांनी, वर्षं गेली तशी सांगितली. महायुद्धात तिच्या लाटव्हियात रशियन आले तेव्हा तिच्या नवऱ्याला ट्रकमध्ये घालून नेलं, तो पुन्हा दिसला नाही. मग जर्मन आले, मग परत रशियन यायला लागले, तेव्हा ही एकटी जर्मनीत पळाली, निर्वासितांच्या छावणीत राहिली, आणि शेवटी जहाजात बसून मेलबर्नच्या दक्षिणेकडच्या आमच्या बेटावर उतरली. सरकारचा करारच होता तसा: येणाऱ्याने दोन वर्षं सांगतील ते काम करायचं. डॉक्टर असो की वकील, पुरुषाच्या हातात फावडं आणि बाईच्या हातात फडकं. दोन वर्षं सरली तरी झेंटाच्या हातातलं फडकं सुटलं नव्हतं, कारण इंजिनिअर म्हणून तिला कोणी दारात उभं करत नव्हतं.

कायद्याने कोणी अडवलेलं नव्हतं. पण नगरपालिका, रेल्वे, वर डोंगरात धरणं बांधणारं वीज खातं, सगळ्यांचा प्रश्न एकच: संस्थेचे सभासद आहात का? आणि सभासद कोणाला करून घ्यायचं ते ठरवणारी समिती बियाणांच्या दुकानावरच्या माडीवर, संस्थेच्या खोलीत बसायची. भिंतीवर जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी होत्या, सगळे मिशाळ. वार्षिक जेवणाला ड्यूअर त्यांच्याकडे हात करून दरसाल तीच गोष्ट सांगायचे. पूर्वी खाणवाले वेगळे, रेल्वेवाले वेगळे, पाणीवाले वेगळे. प्रत्येकाची चिमुकली संस्था आणि एकमेकांचं तोंड बघायची तयारी नाही. कोणीही उठावं आणि दारावर इंजिनिअर म्हणून पाटी लावावी. अशाच एका लोहाराने किनाऱ्यावर कुठेसा धक्का बांधला, आणि जहाजात मेंढ्या चढवायच्या दिवशी तो धक्का माणसांसकट समुद्रात गेला.

"त्या माणसांना पुरून आले आणि सगळे एका टेबलाशी बसले," ड्यूअर म्हणायचे. "आपली संस्था म्हणजे ते टेबल. तिथे कोणाला बसवायचं हे नीट बघायचं, बाकी सगळं नंतर."

गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी त्या जागी सगळे काटे-चमचे खाली ठेवायचे.

समितीने झेंटाची कागदपत्रं पाहिली, खरी आहेत असं मान्य केलं, आणि तरी सांगितलं की परीक्षा पुन्हा द्या. रीगाची पदवी किती तोलाची, हे इथे कोणाला ठाऊक? तिने वाद घातला नाही. दिवसभर फरश्या पुसून संध्याकाळी ग्रंथालयात बसायला लागली. मी एकदा विचारलं, "राग नाही का हो येत? येतं तेच पुन्हा शिकायचं म्हणजे!"

"येतो," ती म्हणाली. "पण ते नाही म्हणाले नाहीत. आत यायचं दार दाखवलं. अरुंद आहे. मी काही फार जाड नाही."

ती पास झाली. ड्यूअरनी तिला आमच्याच कचेरीत, नकाशे काढायच्या खोलीत घेतलं. शाखेतली ती पहिली बाई सभासद, आणि पुढे कितीतरी वर्षं एकटीच.

वाटेल की झालं, तिचं भलं झालं. झालंही. पण सभेच्या दिवशी मला तिच्याकडे बघवत नसे. व्याख्यान संपलं की पुरुष एका बाजूला घोळका करून उभे राहायचे आणि त्यांच्या बायका दुसऱ्या बाजूला, खाण्याच्या टेबलापाशी. झेंटा पुरुषांकडे गेली की बोलणं थांबायचं आणि कोणीतरी तिला हवेबद्दल विचारायचं. बायकांकडे गेली की तिथे पोरांचे दात आणि लोकरीचे टाके. मग ती चहाच्या मोठ्या भांड्यापाशी माझ्याजवळ येऊन उभी राहायची, धड इकडे ना तिकडे. ड्यूअर भाषणाला उठले की म्हणायचे, "सद्गृहस्थहो," मग थबकायचे, घसा खाकरायचे, "आणि मिसेस काल्वे." सगळे हसायचे. दर वेळी. वाईट मनाने कोणी हसत नव्हतं. सुरुवातीला तीही हसायची, पुढे तिने ते सोडून दिलं.

घरी तरी कोण होतं? नदीपलीकडे एक खोली, खिडकीतून टेमार नदीचा गाळ दिसायचा. रविवारी ल्यूथरन प्रार्थनेला जमणारी दहा-बारा लाटव्हियन कुटुंबं, एवढाच काय तो तिचा गोतावळा. तिथेच सत्तावन साली तिला वाल्डिस भेटला.

वाल्डिस धरणाच्या कामावर मुकादम होता. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, आणि तोंडाला कुलूप नसलेला माणूस. शनिवारी डोंगरावरून ट्रकमध्ये बसून खाली यायचा आणि येताना काहीतरी आणायचाच. कधी ओढ्यात पकडून स्वतः धुरावलेली वाम, कधी शहाजिरं घातलेला काळा पाव. झेंटा त्याच्यासाठी वाटाणे आणि खारवलेलं डुकराचं मांस शिजवायची. कचेरीच्या जिन्यावरून ती गुणगुणत उतरते आहे हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं दुसरंच कोणी आहे.

त्यांच्या देशात जूनमध्ये, ऐन उन्हाळ्यात, मोठा सण असतो. शेकोटी पेटवायची, बायकांनी फुलांचे मुकुट घालायचे आणि पुरुषांनी ओकच्या पानांचे. आमच्याकडे जून म्हणजे कडाक्याचा हिवाळा. शहरातल्या ओकच्या झाडांचे खराटे झालेले.

"झाडांना कॅलेंडर कळत नाही, आपल्याला कळतं ना?" वाल्डिस म्हणाला, आणि त्याने निलगिरीच्या पानांचे तीन मुकुट केले. तिसरा माझ्यासाठी. नदीकाठी गवतावर दहिवर गोठलं होतं. आम्ही शेकोटीला पाठ भाजेपर्यंत चिकटून बसलो आणि ती दोघं गायला लागली.

"कळतंय का काही, मर्ल?" झेंटाने विचारलं. एव्हाना आम्ही एकमेकींना अगं-तुगं करत होतो.

"एक अक्षर नाही. गा तुम्ही."

"ओळ संपली की 'लीगो' म्हण. आमच्याकडे निम्म्या लोकांना तेवढंच येतं," वाल्डिस म्हणाला.

मी लीगो, लीगो करत राहिले. झेंटाचा चेहरा आगीच्या उजेडात वीस वर्षांनी लहान दिसत होता. घरी जाताना माझ्या मनात लग्नाला काय घालायचं याचा विचार चालला होता.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी वाल्डिसने संस्थेत सभासदत्वासाठी अर्ज टाकला. पदवीधर आहे, कागद लढाईत जळाले, असं त्यात होतं. अशी पुष्कळ माणसं येत होती, म्हणून समितीने एक सोय ठेवली होती: त्याच विद्यापीठातून शिकलेल्या सभासदाने समितीपुढे ग्वाही दिली तर कागद मागायचे नाहीत. रीगाचा सभासद आमच्या शाखेत एकच होता.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी वाल्डिसने झेंटाला खरं काय ते सांगून टाकलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बागेतल्या बाकावर बसून तिने ते मला जसंच्या तसं ऐकवलं.

"दोन वर्षं शिकलो," तो म्हणाला होता. "मग बाप गेला, घर अंगावर पडलं. पण त्यानंतर वीस वर्षं मी काय गवत कापत होतो? वर जाऊन बघ, अर्धं धरण माझ्या डोळ्यांखाली उभं राहिलंय."

"मग परीक्षा दे," झेंटा म्हणाली. "मी शिकवते तुला. मी नाही दिली?"

"तू दिलीस. मी आजवर पुष्कळ टेबलांपुढे टोपी हातात घेऊन उभा राहिलोय, झेंटा. रशियनांच्या, जर्मनांच्या, छावणीतल्या अमेरिकनांच्या. आता आणखी एक नको."

"खोटं बोलायला लावू नकोस मला."

"खोटं कुठे? होतोच ना मी तिथे? तू एवढंच म्हण, हो, हा आमच्यातला. कोणाचं काय बुडणार आहे त्यात?"

झेंटाने सांगायचं थांबवलं. मांडीवरच्या पावाला तिने हात लावला नव्हता.

"तू काय केलं असतंस, मर्ल?"

"मी? मी हो म्हणून मोकळी झाले असते."

"म्हणून तुला रात्री झोप लागते आणि तुझे डोळे असे टवटवीत," ती म्हणाली. "मला त्याला नाही म्हणवत नाही. आणि तो लोहाराचा धक्काही डोळ्यांपुढून जात नाही. ड्यूअरनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगायला नको होती."

मुलाखतीला मी टिपण घ्यायला होते. टेबलाच्या एका बाजूला ड्यूअर, रेल्वेचे पिअर्सन आणि आणखी एक जण. समोर वाल्डिस, उसना टाय बांधून. आणि त्याच्या बाजूला, गरज पडली तर दुभाष्याचं काम करायला, झेंटा. वाल्डिस खुशीत होता. ती त्याला शब्द देऊन बसली नव्हती, पण समोर बसल्यावर ती आपल्याला पाण्यात ढकलणार नाही, अशी त्याची खात्री होती. ड्यूअरही खुशीत होते. "आपल्या मिसेस काल्वे आहेत म्हणजे काम सोपं आहे," ते म्हणाले. धरणाबद्दल चार प्रश्न झाले. वाल्डिसने झकास उत्तरं दिली. मग ड्यूअर तिच्याकडे वळले.

"मिसेस काल्वे, हे गृहस्थ तुमच्याच विद्यापीठाचे पदवीधर आहेत, अशी ग्वाही तुम्ही देता?"

खाली दुकानात कोणीतरी पोती ओढत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"नाही," झेंटा म्हणाली. "ते तिथे दोन वर्षं होते. पदवी घेतली नाही. काम त्यांना उत्तम येतं, काही बाबतीत माझ्याहून जास्त. त्यांना परीक्षेला बसू द्यावं, अशी माझी विनंती आहे."

वाल्डिसचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला. तो उठला, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली, टोपी घेतली आणि दारात थांबून त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलला. मग जिना उतरून गेला.

"काय म्हणाले ते?" पिअर्सननी विचारलं.

"त्याचा इंजिनिअरिंगशी संबंध नाही," झेंटा म्हणाली.

ड्यूअरनी उठून तिचा हात हातात घेतला. "फार सचोटीने वागलात. हे सोपं नसतं, मला कळतं." ते मनापासूनच बोलत होते. मग तिघे पुरुष कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यात गेले, नेहमीसारखे. तिथे पुढच्या खोलीत बायकांना मज्जाव होता. आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या राहिलो. आतून हसण्याचा आवाज आला.

"तो म्हणाला, आता तू त्यांची झालीस," झेंटा म्हणाली. तिने गुत्त्याच्या दाराकडे पाहिलं, गळ्याभोवती रुमाल घट्ट केला आणि पुलाकडे चालायला लागली. मी बरोबर येते म्हटलं, तर तिने नको म्हणून मान हलवली.

पुढच्या रविवारी ती प्रार्थनेला गेली. बातमी तिच्याआधी पोचली होती. कोणी भांडलं नाही. मिल्डा नावाची एक म्हातारी सगळ्यांना कॉफी द्यायची, तिने झेंटाच्याही कपात ओतली, आणि ओतता ओतता शेजारणीला म्हणाली, "आपल्या माणसांचे पाय ओढायला बाहेरचे काय कमी होते?" बाकावर झेंटाच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी राहिली. ती आणखी दोन-तीन रविवार गेली. मग घरीच राहायला लागली. वाल्डिसने काम सोडलं आणि बोटीने मुख्य भूमीवर निघून गेला, कोणाला पत्ता न देता.

मी तिच्याकडे जात असे, पण खोटं कशाला बोलू, तेवढ्याने भरून निघण्यासारखं ते नव्हतं. माझं लग्न झालं, मुलं झाली. माझ्याशी बोलायचं म्हणजे तिला माझ्या भाषेत बोलावं लागायचं. तिच्या भाषेत 'मीठ दे' म्हणणारंही आता कोणी नव्हतं.

पण ती नुसती बसून राहिली नाही. वर्ष होतं न होतं तोच शाखेच्या सभेत उभी राहून तिने मागणी केली: ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना हो किंवा नाही एवढंच सांगून चालणार नाही. सभासदांनी त्यांना परीक्षेसाठी शिकवावं, फुकट, याच खोलीत.

"आपण काय शाळा काढलीय?" पिअर्सन म्हणाले.

"अजून नाही," झेंटा म्हणाली. "गुरुवारी खोली रिकामी असते."

ड्यूअर तिच्या बाजूने उभे राहिले. पहिल्या गुरुवारी एकच माणूस आला, ओडोन नावाचा हंगेरियन, त्यांच्याकडचा उठाव चिरडला गेल्यावर पळून आलेला. त्याला आमची भाषा इतकी कमी यायची की दोघं फळ्यावर चित्रं काढून बोलायची. तो दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाल्यावर त्याने जिन्यात तिला उचलून गोल फिरवलं आणि बियाणांच्या दुकानदाराने वर येऊन विचारलं की माडी पडतेय का. त्याच्यामागून पोलिश आले, झेक आले, पुढे चिलीचे आले. इतर शाखांनीही मग असे वर्ग काढले. माणसं शिकायची, सभासद व्हायची, बायकापोरांना घेऊन मोठ्या शहरांत जायची. ती फळा पुसून घरी जायची.

सदुसष्ट साली संस्थेचं अधिवेशन ब्रिस्बेनला होतं. तिथे कोणाच्या तरी बोलण्यात वाल्डिसचं नाव निघालं. जवळच्या गावात धान्याची कोठारं बांधायची कंत्राटं घेतो म्हणे. झेंटा बसने त्याच्याकडे गेली. परत आल्यावर माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने मला सांगितलं.

त्याने लग्न केलं होतं, नोरीन नावाच्या तिकडच्याच बाईशी. घर मोठं, अंगणात आंबा. दार त्यानेच उघडलं. झेंटाने त्यांच्या भाषेत विचारलं, कसा आहेस? आणि तो इंग्रजीत म्हणाला, "या, मिसेस काल्वे. चहा घेणार की कॉफी?"

"मी पुन्हा आमच्याच भाषेत बोलले," झेंटा म्हणाली. "तो पुन्हा इंग्रजीत. त्याची बायको भली. म्हणाली, बोला की तुमच्या भाषेत, मी जाते आत. तर म्हणाला, नको, मी विसरलो ती."

"खरंच विसरला असेल?"

"जाताना त्याने मला बसची वेळ बघून दिली. वेळापत्रकावर बोट फिरवत आकडे पुटपुटत होता. आमच्या भाषेत."

तिने कप धुऊन पालथा घातला. रडली नाही. पुढच्या गुरुवारी तिचा वर्ग होता, त्याची तयारी करायची म्हणून लवकर उठली.

पुढे तिला वर्षभर शाखेचं अध्यक्षपद मिळालं. पहिल्याच भाषणाला उठून ती "सभासदहो" म्हणाली आणि थेट विषयाला लागली. कोणी हसलं नाही, कारण हसायला जागाच ठेवली नव्हती. ड्यूअर तोवर वारले होते. निवृत्तीला तिला चांदीचा ट्रे दिला. ती म्हणाली, "एवढ्या पाहुण्यांना मी कुठून आणू?" लोकांना तो विनोद वाटला.

शेवटी, शहाऐंशी साली, तिला अर्धांगाचा झटका आला. वाचली, पण आमची भाषा तिच्या डोक्यातून पार पुसली गेली. बोलायची भरभर, पण सगळं लाटव्हियनमध्ये. नर्सेस गोंधळून जायच्या. मी जवळ बसले की माझा हात धरून काहीतरी विचारायची, आणि मी आपली, "हो गं, हो," म्हणायची. ते तिला पुरत नसे; ती तोंड फिरवायची. मी चौकशी केली. मिल्डा कधीच गेली होती, बाकीची घरं मेलबर्नला निघून गेलेली. त्यांच्या मुलांना ती भाषा येत नव्हती. मग मी शाखेला फोन केला, निदान गुरुवारच्या वर्गातलं कोणी असेल म्हणून.

ओडोन आला. आता तो मोठा अधिकारी, डोक्यावर एक काळा केस नाही. मी त्याला दारातच सांगितलं, "तिला तुझं बोलणं कळणार नाही."

"पहिल्या वर्षी कुठे कळत होतं?" तो म्हणाला.

त्याने खुर्ची पलंगाला भिडवली. झेंटा बोलायला लागली. तो मध्ये न तोडता ऐकत राहिला, भुवया वर करून, मान डोलावून, आणि ती थांबल्यावर हंगेरियनमध्ये बोलायला लागला. तीही ऐकत राहिली. मग तिची पाळी, मग त्याची. खिडकीतलं ऊन भिंतीवरून जमिनीवर आलं तरी चाललंच होतं. चहा घ्यायला तो बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"कोण जाणे."

"मग तू एवढं काय सांगितलंस?"

"आमच्या परसात जर्दाळू होते. माझी आई त्यांची दारू काढायची, आणि एकदा डुकरांनी ती प्यायली, ते."

आठवड्याभरात ती गेली. पण त्या दुपारी चहा संपवून तो पुन्हा आत गेला आणि मी दारातून बघत उभी राहिले. झेंटाने उशीवरून मान उचलून त्याला काहीतरी विचारलं. तो जरा विचारात पडला, आणि मग त्याने तिला सविस्तर उत्तर दिलं.